स्तनाग्रावरील न भरणारे इसब

(वार्षिक सभेत विकृतिशास्त्र विभागाच्या वतीने केलेले भाषण)



स्तनाचा कर्करोग म्हटला की मनात गाठ येते. गाठ हाताला लागली नाही की स्त्रिया निर्धास्त होतात. आज ज्या विकाराविषयी बोलावयाचे आहे, तो मात्र पुष्कळदा गाठीवाचून, साध्या त्वचारोगाच्या रूपात येतो. ‘स्तनाग्राचा पॅजेट विकार’ हे त्याचे नाव. स्तनाच्या शंभर कर्करोगांमध्ये त्याचे प्रमाण अवघे एक ते तीन. दुर्मिळ असल्यामुळेच तो ओळखण्यास विलंब होतो.

सर जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदांनी १८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या अहवालग्रंथात सुमारे पंधरा स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. आधी स्तनाग्रावर इसबासारखा विकार, आणि बहुधा वर्षभरात, फार तर दोन वर्षांत, त्याच स्तनात कर्करोग, असा क्रम त्यांना आढळला. त्वचेच्या दीर्घकाळच्या दाहातून कर्करोग उद्भवत असावा, असे त्यांना वाटले. आज बहुतांश तज्ज्ञांचे मत उलट आहे. बहुतेक रुग्णांत कर्करोग आत आधीच असतो. त्याच्या पेशी दुग्धनलिकांच्या वाटेने स्तनाग्राच्या त्वचेत येतात. बाहेरचा चट्टा हे मूळ नव्हे, ती आतून आलेली वर्दी होय.

लक्षणे साधीच असतात: खाज, जळजळ, लाली, खपल्या; पुढे ओलसर जखम, रक्तमिश्रित स्राव, कधी स्तनाग्र आत ओढले जाणे. इसब बहुधा दोन्ही बाजूंस होते आणि स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळापासून सुरू होते. पॅजेट विकार जवळजवळ नेहमी एकाच बाजूस असतो. तो स्तनाग्रापासून सुरू होऊन वर्तुळाकडे पसरतो. मलमाने लाली काही दिवस कमी होते, आणि हाच मोठा चकवा ठरतो. संकोचापोटी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांवर कित्येक महिने निघून जातात.

निदान त्वचेच्या लहानशा तुकड्यावरून होते. जागा बधिर करून तो काही मिनिटांत काढता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचेत मोठ्या, फिकट, ठळक केंद्रकाच्या पेशी एकेकट्या वा पुंजक्यांनी विखुरलेल्या दिसतात. त्वचेच्या इतर काही पेशी व अर्बुदे अशीच भासतात. म्हणून विशेष रंजन-तपासण्या कराव्या लागतात. बहुसंख्य रुग्णांत ‘हर-टू’ हे प्रथिन वाढलेले आढळते. स्तनात आक्रमक कर्करोग असल्यास ही माहिती औषधयोजनेसही उपयोगी पडते.

मॅमोग्राफी निर्दोष आली तरी निश्चिंत होऊ नये. गरजेनुसार एमआरआय करावा लागतो. गाठ लागत असेल तर आत बहुधा आक्रमक कर्करोग असतो. गाठ नसेल तर तो पुष्कळदा नलिकांपुरताच मर्यादित असतो. गमावलेल्या महिन्यांची खरी किंमत येथे कळते. वेळीच आलेल्या अनेक रुग्णांत स्तनाग्र व त्यामागील रोगग्रस्त भाग काढून आणि किरणोपचार देऊन उर्वरित स्तन राखता येतो. रोग अधिक पसरला असल्यास संपूर्ण स्तन काढावा लागतो.

देणगीदारांना विनंती, की प्रयोगशाळेतील काचपट्टी आणि रंजकद्रव्ये यांचे मोल शस्त्रक्रियागृहाइतकेच मानावे. आणि येथे जमलेल्या कुटुंबीयांनी एवढेच घरी सांगावे: एकाच स्तनाग्रावरील चट्टा दोनतीन आठवड्यांच्या उपचाराने बरा झाला नाही, तर मलम बदलू नका, तुकडा तपासून घ्या.