किल्ली शोधणारा मुलगा



गेल्या वर्षी एका पालकांनी मला विचारले, "सर, मुलगा रात्रभर संगणकावर पासवर्ड फोडीत बसतो. हा चोरीचा धंदा तर नव्हे?" शंका रास्त होती. मी पडलो बी.ए.चा माणूस. उत्तर देण्याआधी दोन रात्री मुलाशेजारी जाऊन बसलो.

तो सोडवीत होता त्याला 'क्रॅकमी' म्हणतात. सरावासाठीच कोणी लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम. पासवर्ड चुकला की नकार देतो. मूळ लिखाण हाती नसते, असते फक्त यंत्रभाषेतील फाइल. तिच्यावरून आतली रीत ओळखायची, हे रिव्हर्स इंजिनिअरिंग. सोप्या कोड्यात पासवर्ड फाइलमध्ये उघडाच सापडतो. पुढच्यात तो झाकलेला असतो. समजा, प्रत्येक अक्षराच्या अंकाशी 5 घेऊन 'एक्सऑर' ही क्रिया केली आहे. इंग्रजी 'ए'चा अंक 65. त्याचे 68, म्हणजे 'डी' होते. तीच क्रिया पुन्हा करा, 68 चे परत 65! मुलाने हे वहीत शून्य-एक मांडून मला पटविले.

एका कोड्यात त्याने तुलनेनंतरची एकच आज्ञा उलटविली आणि प्रोग्राम कोणताही पासवर्ड घेऊ लागला. मी म्हटले, "सुटले!" तो म्हणाला, "नाही सर. दार मोडले, किल्ली कुठे मिळाली?" आणि पुन्हा बसला.

मे 1917 नव्हे, मे 2017 ची गोष्ट सांगतो. आम्हा इतिहासाच्या शिक्षकांची जीभ अशी घसरते. 'वॉनाक्राय'ने ब्रिटनची रुग्णालये अडविली. मार्कस हचिन्स या तरुणाने तो प्रोग्राम तपासताना त्यात दडलेला इंटरनेटचा एक पत्ता पाहिला व स्वतःच्या नावे नोंदविला. प्रसार थांबला. मात्र याच तरुणाने पूर्वी बँकांच्या ग्राहकांना लुबाडणारा प्रोग्राम लिहिल्याची कबुली 2019 मध्ये न्यायालयात दिली. पालकहो, दोन्ही गोष्टी मुलांना सांगा.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 रीतसर मिळविलेल्या प्रोग्रामचे कार्य अभ्यासण्यास मुभा देते. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे मात्र 2000 च्या कायद्याला मान्य नाही, आणि ते अप्रामाणिक हेतूने केले तर गुन्हाच. साधनांना पैसा लागत नाही: 'गीड्रा' 2019 पासून मोफत आहे, कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिकोसीटीएफ' कोडीही. विद्यार्थ्यांनो, तयार उत्तर आधी वाचू नका; वही ठेवा.

त्या पालकांनी आता एकच अट घातली आहे: अकराला दिवा मालवायचा.