मुलांचा लठ्ठपणा आणि वडीलधाऱ्यांचा शब्द

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मुलांच्या लठ्ठपणाविषयी बोलावयाचे म्हटले की प्रथम थोडा संकोच वाटतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भूमीचे रूप पालटले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी आणि शहाजीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांमुळे शेतकऱ्यांच्या घरात चार पैसे आले. ज्या पिढीने दुष्काळात अर्धपोटी दिवस काढले, त्या पिढीतील आजीला नातवंडाच्या अंगावर मूठभर मांस चढलेले पाहून धन्यता वाटते. ‘खात्यापित्या घरचे मूल’ हे आपल्याकडे कौतुकाचे बोल आहेत. ही भावना समजून न घेता जो कोणी उपदेश करील, त्याचे कोणी ऐकणार नाही.

परंतु आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी उंचीच्या मानाने अधिक वजन असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ४.१ टक्के झाले. म्हणजे चार-पाच वर्षांत ते दुपटीहून अधिक वाढले. त्याच पाहणीत राज्यातील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे २६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. एकाच राज्यात, किंबहुना एकाच गावात ही दोन्ही चित्रे आहेत. गळिताच्या हंगामात बीड आदी जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कामगाराचे मूल आणि शाळेच्या फाटकाशी वेफर्सची पिशवी फोडणारे बागायतदाराचे मूल एकाच वर्गात बसू शकते. दोघांनाही योग्य अन्न मिळत नाही. म्हणून ‘कमी खा’ हा संदेश सरसकट देता येणार नाही. ‘योग्य खा’ हाच संदेश द्यावा लागेल.

मोठ्यांचा शब्द कोठे चालतो?

या कामी सार्वजनिक जीवनातील व्यक्तींनी आपला शब्द खर्ची घातल्याची उदाहरणे आहेत. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’ या कार्यक्रमात लठ्ठपणाचा प्रश्न मांडला आणि घरातील खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळ, चित्रपट, उद्योग, साहित्य अशा क्षेत्रांतील दहा व्यक्तींची नावे घोषित करून प्रत्येकाने आणखी दहा जणांना या कामी जोडावे, असे सुचविले. या आवाहनाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मागणी लहान आहे, ती मोजता येते आणि ती मुलाकडे नव्हे, तर घर चालविणाऱ्या मोठ्या माणसाकडे केलेली आहे.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी वजन घटविण्याच्या विषयावर व्याख्याने दिली. त्यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी भाषणे देऊन दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा आहारक्रम लोकप्रिय केला. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्यासारख्यांनी आजीच्या स्वयंपाकघरातील, त्या त्या भागातील अन्नाचा आणि वेळेवर खाण्याचा आग्रह धरला आहे. आपल्यापुरती महत्त्वाची गोष्ट एवढीच, की दोन वेळा जेवण्याचा तो क्रम अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी सांगितलेला आहे. वडिलांनी स्वतःसाठी स्वीकारलेला उपाय वाढत्या वयाच्या मुलावर लादणे सर्वथा अयोग्य होय. मुलाची उंची वाढत असते. त्याला उपाशी ठेवावयाचे नसते, त्याचे ताट सुधारावयाचे असते.

उपदेश कोठे फसतो?

परदेशातील एक अनुभव बोधप्रद आहे. इंग्लंडमधील प्रसिद्ध बल्लवाचार्य जेमी ऑलिव्हर यांनी २००५ मध्ये शाळांतील जेवण सुधारण्याची मोठी मोहीम हाती घेतली. शासनाने त्यासाठी निधीही दिला. परंतु पुढील वर्षी रॉदरहॅम भागातील एका शाळेत काही मातांनी कुंपणाच्या गजांतून मुलांना तळलेले बटाटे आणि बर्गर पोहोचविले. नवे जेवण पौष्टिक होते, हेतूही चांगला होता; पण आपल्याला आणि आपल्या मुलांना कोणी विचारलेच नाही, असे त्या मातांना वाटले. अमेरिकेत मिशेल ओबामा यांनी २०१० मध्ये मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध मोहीम उघडली. तिच्या आधी एक वर्ष त्यांनी शाळकरी मुलांना बरोबर घेऊन अध्यक्षीय निवासाच्या अंगणात भाजीचा मळा लावला होता. आधी हातात खुरपे आणि मग भाषण, असा तो क्रम होता.

हा क्रम आपल्याला नवा नाही. गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. लोकांनी त्यांचे ऐकले, कारण दिवसभर त्यांनी काय केले ते गावाने पाहिलेले असे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास येते. बेलवाडीचे रिंगण आपण दरवर्षी पाहता. वारीत मुलाला चालण्याचे फायदे कोणी समजावून सांगत नाही. सारे चालतात म्हणून मूल चालते.

उलट प्रकारचे प्रभावही आहेत. नामवंत खेळाडू व कलावंत ज्या पेयाची जाहिरात करतात, ते मुलाच्या मनात पराक्रमाशी जोडले जाते. २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली. अमिताभ बच्चन यांनी २०१४ मध्ये अहमदाबाद येथे सांगितले, की जयपूरमधील एका मुलीने त्यांना विचारले होते : आमच्या बाई ज्याला विष म्हणतात, त्याची जाहिरात आपण का करता? त्यांनी त्या शीतपेयाची जाहिरात पुढे केली नाही. येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांनी या प्रसंगाचा नीट विचार करावा. वर्गातील बाईंचा शब्द त्या मुलीच्या मनात एवढा पक्का होता, की तो तिने देशातील सर्वांत प्रसिद्ध नटासमोर उच्चारला. मुलाच्या दृष्टीने सर्वांत जवळची सार्वजनिक व्यक्ती म्हणजे त्याचे गुरुजी, त्याच्या बाई, अंगणवाडीच्या ताई आणि गावचे सरपंच होत.

आपल्या हातातील गोष्टी

म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाने प्रथम आपल्याच कार्यक्रमांकडे पाहावे. पुढाऱ्यांच्या वाढदिवशी शाळेत खाऊवाटप होते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी रोजी ध्वजवंदनानंतर बिस्किटे, चॉकलेट, वेफर्स वाटले जातात. देणाऱ्याचा हेतू प्रेमाचा असतो. पण ज्या हाताकडे गाव आदराने पाहते, त्या हाताने दिलेली पिशवी मुलाला सांगते, की हाच उत्तम खाऊ आहे. शंभर भाषणांपेक्षा हे मन वळविणे प्रभावी असते. इंदापूरचे पेरू आणि डाळिंब, उकडलेले शेंगदाणे, मटकीची उसळ, केळी, राजगिऱ्याचा छोटा लाडू असा खाऊ याच प्रेमाने देता येईल. त्यातून आपल्याच तालुक्यातील शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईकही मिळेल.

कोणी विचारील, साखरेवर ज्यांचा संसार चालतो त्यांनी साखरेविरुद्ध बोलावे काय? साखरेविरुद्ध बोलण्याची आवश्यकता नाही; प्रमाणाविषयी बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. पाच टक्क्यांपेक्षा कमी असल्यास अधिक चांगले. शीतपेयाच्या २०० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारणतः २० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्यास सांगितले, ते ही गोष्ट मुलांच्या डोळ्यांपुढे राहावी म्हणूनच. जिल्हा परिषदेच्या शाळेतही असा फलक मुलांकडूनच तयार करून घेण्यास कोणाची हरकत असणार नाही. ऊस आता केवळ साखरेसाठी गाळला जात नाही, त्यापासून इथेनॉलही होते. शेतकऱ्याचे हित आपल्या मुलाने रोज शीतपेय पिण्यावर अवलंबून नाही.

केवळ मन वळवून सर्व काही होते, असेही नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार अधिक चरबी, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. हा नियम कागदावर राहू नये, याची काळजी अधिकारी व ग्रामपंचायत यांनी मिळून घ्यावी. मात्र फाटकाशी टपरी टाकून पोट भरणाऱ्या माणसाला एकदम हुसकावून न लावता त्याच्या टपरीवर फुटाणे, शेंगदाणे, फळे कशी येतील, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. रॉदरहॅमच्या कुंपणाची आठवण ठेवावी.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शाळा सुटल्यावर मैदानाचे फाटक बंद होत असेल, तर ते उघडे ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करता येतो. आणि सरपंच स्वतः सायंकाळी त्या मैदानावर दिसले, तर निराळ्या आवाहनाची गरज उरणार नाही.

मुलाचा मान

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. या कामात मुलाची अप्रतिष्ठा होता कामा नये. ‘ढोल्या’, ‘ढब्बू’ अशी नावे वर्गात उच्चारली जाणार नाहीत, याची जबाबदारी शिक्षकांवर आहे. वजन चारचौघांत मोजून मोठ्याने सांगू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत व अंगणवाडीत येते. त्याच्या तपासणीत वजन अधिक आढळलेल्या मुलाच्या आईवडिलांशी खाजगीत, आपुलकीने बोलावे. लाजविलेले मूल खेळायला येत नाही. ते कोपऱ्यात बसून अधिक खाते. तसेच बालकांच्या स्पर्धा घेताना गुटगुटीतपणावर बक्षीस न देता वाढीचा तक्ता आणि लसीकरण पाहून द्यावे, म्हणजे सुदृढ या शब्दाचा खरा अर्थ मातांपर्यंत पोहोचेल.

आपणांस फार मोठे काही करावयाचे नाही. पुढच्या राष्ट्रीय सणाला आपल्या शाळेत कोणता खाऊ वाटला जाणार आहे, एवढे येत्या ग्रामसभेत ठरवावे, आणि समारंभात व्यासपीठावरील पाहुण्यांच्या पुढ्यातही तोच ठेवावा. मुले व्यासपीठाकडे पाहत असतात.