हाड जुळण्यास लागणारा काळ

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



वैद्यकाचा विषय आम्हा प्रशासनातील मंडळींनी मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. हाडांपेक्षा हिशेबाच्या वह्यांशी आमचा संबंध अधिक. तथापि अस्थिरोग विभागाचा खर्च आपल्यापुढे ठेवला की एक प्रश्न हमखास येतो : प्लास्टर घातले, शस्त्रक्रिया झाली, मग त्याच रुग्णावर पुन्हा खर्च कशाचा? याचे उत्तर हाडाच्या घडणीतच आहे. आमच्या डॉक्टरांकडून आम्ही ते जसे समजून घेतले, तसे आपणांस सांगतो.

हाड म्हणजे अंगातला दगड, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या भागातील कुडाची भिंत डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे हाडाची रचना ध्यानात येईल. आत तुराट्या, वर मातीचे लिंपण. एकटी माती तडकते, एकट्या तुराट्या वाकतात. दोन्ही मिळून भिंत उभी राहते. हाडात वजनाने सुमारे दोनतृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेटच्या क्षारांचा असतो. उरलेला मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा आणि पाण्याचा. हाड आम्लात बुडवून ठेवल्यास क्षार विरघळतात व ते रबरासारखे वाकते. तेच जाळल्यास आकार राहतो, पण दाबताच चुरा होतो. मात्र कुडाच्या भिंतीला न साधणारी एक गोष्ट हाडाला साधते. त्यात जुने मोडणाऱ्या आणि नवे बांधणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी अखंड कामात असतात, आणि वरच्या पातळ आवरणातून व आतील मज्जेतून त्यांना रक्त मिळत असते. भिंत पडली तर गवंडी बोलवावा लागतो. हाडाचे गवंडी हाडातच राहतात.

हाड मोडते तेव्हा रक्तवाहिन्याही तुटतात आणि फटीत रक्त साकळते. हे साकळलेले रक्तच दुरुस्तीचा आरंभ होय. पहिले काही दिवस सूज व वेदना असते. पुढे दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना जोडणारा कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो. त्यात हळूहळू क्षार भरत जाऊन तो कठीण होतो. हाताच्या हाडाला यासाठी साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. पायाच्या नळीला तीन-चार महिने, क्वचित त्याहूनही अधिक. नळीच्या खालच्या भागावर मांस कमी, म्हणून रक्तपुरवठाही कमी. आपल्या गावावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दुचाकीचा अपघात झाला की नेमके हेच हाड पुष्कळदा मोडते. लहान मुलांची हाडे मात्र इतक्या लवकर जुळतात की आईवडिलांचाच विश्वास बसत नाही. जुळलेल्या जागेची घडण पूर्ववत होण्यास पुढे महिने, कधी वर्षे जातात.

तेव्हा डॉक्टर हाड जोडतात असे आपण म्हणतो, ते बोलण्यापुरते. प्लास्टर, सळई, पट्टी, स्क्रू ही सर्व साधने हाड जागेवर धरून ठेवण्याची आहेत. जोडण्याचे काम शरीर करते, आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो.

हा वेळच आमच्या रुग्णांना परवडत नाही. मृगाचा पाऊस पडला, पेरणी सुरू झाली आणि वेदना थांबली, की प्लास्टर घरीच कापले जाते. वेदना थांबते ती सांधा मऊ असतानाच. त्यावर भार पडला की हाड वाकडे जुळते किंवा जुळतच नाही, आणि मग शस्त्रक्रियेचा खर्च पहिल्यापेक्षा मोठा होतो. यात रुग्णाला अडाणी ठरवणे आम्हास मान्य नाही. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला बारा आठवडे बसून राहा, असे सांगणे सोपे असते. राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. या दोन्ही तरतुदींतून रुग्णालयाचे बिल भागते. बुडालेली मजुरी आणि फेरतपासणीसाठी येण्याजाण्याचे भाडे त्यांत बसत नाही.

फेरतपासणीचे महत्त्व आजचे नाही. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. पळस, उंबर, पिंपळ यांच्या सालींनी आधार द्यावा. बंध सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाही, फार आवळल्यास सूज व वेदना होते. बंध थंडीत सात, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा, इतके बारकावे तेथे आहेत. गावोगावच्या हाडवैद्यांनी हा भाग लक्षात ठेवला असता, तर घट्ट आवळलेल्या कामट्यांमुळे काळे पडलेले हातपाय पाहण्याचा प्रसंग येता ना. मुलांच्या कोपराला दुखापत झाल्यावर तेल लावून चोळणेही तितकेच घातक. बंध हाडवैद्याचा असो वा प्लास्टर आमचे असो, बोटे थंड, निळी वा बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णास त्याच क्षणी आणावे. आमच्या आवाक्याबाहेरचे असेल तर सेवाग्राम किंवा सावंगी येथे पाठविता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे.

आणखी एक, नातेवाइकांसाठी. रुग्णाला भेटावयास येताना प्रेमाने खर्र्याची पुडी आणली जाते. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, आणि हाडाला याच दिवसांत रक्ताची सर्वाधिक गरज असते. त्याऐवजी दूध, डाळ, अंडी आणावीत.

देणगीदारांस विनंती ही की, यंत्राला नाव देण्याइतकीच आस्था फेरतपासणीच्या निधीविषयी ठेवावी. त्यातून एस.टी.चे भाडे, क्ष-किरण तपासणी व अत्यंत गरजू कुटुंबांना धान्य देता येईल. रकमेची पावती कार्यालयात मिळेल. आणि ज्यांच्या घरी आमच्या कुबड्या वा वॉकर माळ्यावर पडून असतील, त्यांनी ते परत आणून द्यावेत. दुसरा रुग्ण त्यांची वाट पाहत आहे.