एक मूल, दोन लिप्या



उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो. आमचे मूल उजवीकडून डावीकडे लिहिता लिहिता मराठीच्या तासाला उलट दिशेने वळते. घरची बोली आणखी निराळीच. त्याने ‘दिवस’ऐवजी ‘दवस’ लिहिले की आपण शेरा मारून मोकळे: मठ्ठ! वास्तविक उर्दूत जेर, जबर, पेश या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सराव झाल्यावर बहुधा लिहीतच नाहीत. मुलाने एका लिपीची शिस्त दुसरीत पाळली, इतकेच. ‘शाळा’ची ‘शाला’ होते, कारण उर्दू वर्णमालेत ‘ळ’ला अक्षरच नाही.

हे शिक्षकाला सांगतो कोण? बी.एड.ला मी पाठटाचणे ढीगभर काढली. दोन लिप्या शेजारी मांडून पाहण्याचा तास एकदाही झाला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुभाषिकतेचा पुरस्कार केला, २०२१ च्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत वाचन-लेखन पक्के करण्याचे ठरवले. उत्तम. पण शिबिरात नुसती घोषवाक्येच उतरवून घ्यायची असतील, तर सुट्टी का दवडावी?

संस्थेने भरवायच्या शिबिरात पहिला तास सर्वांनाच अपरिचित लिपीचा, समजा मल्याळमचा, ठेवावा. पदवीधरांचेही हात अडखळतील. दुपारी उर्दूच्या व मराठीच्या शिक्षकांनी एकाच बाकावर बसून एकाच मुलाच्या दोन्ही वह्या तपासाव्यात. वर्षानुवर्षे शेजारच्या वर्गात शिकवूनही हे आपण क्वचितच केले आहे. वेगळा खर्च नाही. वह्या कपाटात पडूनच आहेत.