डाव्या पायाचा ब्रेक



सहज उरकणाऱ्या कामाला आपण ‘डाव्या हाताचा मळ’ म्हणतो खरे. परंतु डाव्या अवयवाकडून एखादे नाजूक काम करवून घ्यावयाचे झाले, की हा मळ किती चिवट आहे ते कळते. मोटारीचा ब्रेक कोणत्या पायाने दाबावा, या वादाचा आरंभ येथूनच करावयास हवा.

हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत क्लच डाव्या पायाकडे असतो. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर ही दोन्ही पेडले उजव्याकडे. क्लच सोडताना हळुवारपणा लागतो, पण दाबताना तो तळापर्यंत दाबावयाचा. डाव्या पायाला वर्षानुवर्षे हेच वळण लागलेले. ब्रेकची रीत निराळी. तो अंदाज घेत, रतीरतीने दाबावा लागतो. म्हणून डावा पाय प्रथमच ब्रेकवर ठेवणारा चालक गाडीला असा हिसका देतो, की शेजारी बसलेल्याने देवाचे नाव घ्यावे! डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन घुमारा काढावयास तबलजीला किती रियाज लागतो, ते आठवावे.

हा रियाज फिनलंडच्या शर्यतपटूंनी केला. १९६०नंतरच्या दशकात राउनो आल्तोनेन आणि तिमो माकिनेन हे मिनी कूपर ही चिमुकली गाडी बर्फाळ रस्त्यांवरून पिटाळीत. तिच्या इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळे. अशी गाडी निसरड्या वळणावर वळावयास नाखूष असते. नाक सरळच पुढे काढते. हे दोघे उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्याने ब्रेक दाबीत. मग पुढची चाके इंजिनाच्या जोराने फिरत राहात. मागची मात्र मंदावून घसरत, गाडीची शेपटी बाहेर जाई आणि नाक वळणात शिरे. माँटे कार्लोची शर्यत माकिनेनने १९६५ साली आणि आल्तोनेनने १९६७ साली जिंकली. दोघांच्याही हाती मिनीच होती.

आज आपल्याकडेही आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत क्लच नाही, डावा पाय रिकामा. मग त्याला ब्रेक का देऊ नये? युक्तिवाद मोहक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक धावते. पाय एका पेडलावरून दुसऱ्यावर नेण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे धरले, तरी तीन मीटर गेले. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तीन मीटर म्हणजे सर्वस्व होय.

हे मान्य करूनही मला तो युक्तिवाद पटत नाही. पायाला टेकावयास जागा लागते, आणि ब्रेकवर तरंगत ठेवलेला पाय हळूहळू ब्रेकवरच विसावतो. मागचे लाल दिवे लागलेले राहतात. आपण खरोखर केव्हा थांबणार, हे मागून येणाऱ्यास उमगत नाही. खंडाळ्याचा घाट असो की सिमल्याचा उतार, सतत घासणारा ब्रेक तापतो आणि ऐन वेळी त्याची पकड ढिली पडते. याहून मोठा धोका घाबरण्याचा. दचकलेला मनुष्य दोन्ही पाय एकदमच ताठ करतो. दोन्ही पेडले दाबली गेल्यास इंजिनाचा जोर आपोआप तोडण्याची सोय काही गाड्यांत असते, सर्वांत नसते. एकाच पायाकडे दोन्ही पेडले असली, की ब्रेक दाबण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर सुटलाच पाहिजे. त्या तीन मीटरांच्या मोबदल्यात हे संरक्षण मिळते, आणि सामान्य रस्त्यावर मला ते अधिक मोलाचे वाटते.

प्रश्न उजव्या-डाव्याच्या थोरवीचा नाहीच. ज्यांचा उजवा पाय काम देत नाही, अशांसाठी आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत ब्रेकच्या डावीकडे अ‍ॅक्सिलरेटर बसवून देतात. तेथे ब्रेक डावा पायच दाबतो. मात्र अ‍ॅक्सिलरेटर सोडून मगच.