मुळांना हवा हवी

वाढदिवसाला किंवा गृहप्रवेशाला पुष्पगुच्छाऐवजी फुललेल्या ऑर्किडची कुंडी देण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. फुलं महिना-दोन महिने टिकतात. ती गळाली की प्रश्न पडतो, आता या झाडाचं करायचं काय? पुष्कळ घरांत पुढे हे झाड मरतं. ते दुर्लक्षानं मरत नाही, जास्तीच्या पाण्यानं मरतं.

याचं कारण त्याच्या मूळ घरी सापडतं. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या जाती बहुतांशी झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्यांच्या वंशातल्या. डेंड्रोबियम या ग्रीक नावाचा अर्थच मुळी झाडावर जगणारं. पण हे बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, आमरी फक्त आधार घेते. तिची मुळं हवेत लोंबतात, त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस आला की ते पाणी पिऊन घेतं आणि वाऱ्यानं पुन्हा वाळतं. अशी मुळं आपण काळ्या मातीत पुरली तर ती गुदमरून कुजतात.

म्हणून ऑर्किडला माती नको. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढ्यावर काम भागतं. कुंडीला तळाशी आणि बाजूंनाही भोकं हवीत. खाली बशी ठेवलीच, तर तीत पाणी साचू देऊ नका.

कोकणात राहणाऱ्या माझ्या आपाला मुलानं अशी कुंडी पाठवली होती. मुलगा दूर देशी, त्यामुळे झाडावर माया जास्तच. ती रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घाली. पानं पिवळी पडली, तसं तिनं पाणी वाढवलं.

मी म्हटलं, "आपा, मुळं बघितलीस का?"

"मुळं कुणी बघतं का रे? पानं सुकली म्हणून पाणी घालतेय."

कुंडी उपसली तर निम्मी मुळं काळी, मऊ झालेली. ती स्वच्छ कात्रीनं कापली, उरलेली नव्या कोळशात बसवली. ते झाड जगलं.

तेव्हा पाणी कॅलेंडर बघून घालू नये, मुळं बघून घालावं. मूळ रुपेरी-पांढरं दिसलं की त्याला तहान आहे, हिरवं दिसलं की थांबा. सकाळी भरपूर पाणी द्यावं आणि पूर्ण निथळू द्यावं. उन्हाळ्यात टांगत्या कुंडीला रोजही लागेल. पावसाळ्यात मात्र कुंडी संततधारेखालून हलवून वाऱ्याच्या जागी ठेवा.

फुलपाखरासारख्या फुलांच्या, रुंद पानांच्या फॅलेनॉप्सिसला खिडकीतला मंद उजेड पुरतो. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिपून घ्या, नाहीतर गाभा कुजतो. डेंड्रोबियमला सकाळचं कोवळं ऊन आवडतं. दुपारच्या उन्हात मात्र दोन्हींची पानं भाजतात. डेंड्रोबियमच्या उसासारख्या कांड्या पानं गळल्यावरही कापू नका. झाडाचं पाणी आणि अन्न त्यांत साठवलेलं असतं, कधी त्याच कांडीवर पुन्हा फुलं येतात. वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा, वेष्टणावर लिहिलंय त्याच्या चौथाई प्रमाणात पातळ केलेलं खत पुरे.

आता शेवटचं, पण महत्त्वाचं. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत आंब्या-फणसांवर सीतेची वेणी फुलते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे ते घोस पाहून कुणी झाड ओरबाडून घरी आणतं. फांदीला घट्ट चिकटलेली मुळं तुटतात आणि बहुधा ते झाड जगत नाही. त्याची जागा लवकर भरूनही निघत नाही. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नाचा साठा नसतो. रानात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. १९२२ साली लुईस नूडसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, हे बी रुजवून दाखवलं. आज रोपवाटिकांतली बहुतेक संकरित रोपं प्रयोगशाळेतल्या बाटलीतच वाढलेली असतात. कुंडीत तीच जगतात, आणि त्यांच्यासाठी रानातली एकही फांदी ओकी होत नाही.

म्हणून घरासाठी रोप रोपवाटिकेतूनच घ्या. सीतेची वेणी बघायची असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला ती जिथे आहे तिथे जाऊन बघा.