मशीन ‘नाही’ म्हणालं, तर ‘का?’ विचारा

(प्रभागसंघाच्या सभेत केलेली मांडणी)



आज ‘एआय’वर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं आहे. नाव मोठं आहे, पण काम समजायला सोपं आहे. कॉम्प्युटरला लाखो जुन्या नोंदी दाखवतात. त्यातून तो ठोकताळे बांधतो आणि नवीन माणूस समोर आला की अंदाज सांगतो. हिला कर्ज द्यावं का? हिला नोकरीला बोलवावं का? हे कुटुंब योजनेत बसतं का?

आता आपल्या गटाचं बघा. कर्जाची मागणी आली की आपणही वही उघडतो. हजेरी, बचत, परतफेड बघतो. पण वहीवर थांबत नाही. दोन हप्ते चुकलेले दिसले, तर कुणीतरी सांगतंच, “अगं, तिची सासू तेव्हा दवाखान्यात होती.” कॉम्प्युटरला चुकलेला हप्ता दिसतो, सासू दिसत नाही. आणि वहीच चुकीची असेल तर निर्णयही चुकीचा येतो, तोही एकाच वेळी हजारो घरांसाठी.

अ‍ॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडायला असा एक प्रोग्राम बनवला होता. त्याला शिकायला मागच्या दहा वर्षांचे अर्ज दिले, आणि त्यातले बहुतेक पुरुषांचे होते. मशीन शिकलं की पुरुषच बरे. अर्जात ‘महिलांचा क्लब’ असा शब्द आला तरी गुण कमी व्हायचे. कंपनीने शेवटी तो प्रोग्राम बंद केला. २०१८ साली ही बातमी बाहेर आली. ‘बायकांना घेऊ नका’ असं मशीनला कुणी सांगितलं नव्हतं. जुनी सवय नोंदींतच होती, ती त्याने उचलली.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक महिलांनी चेहरा बघून बाई की पुरुष ते सांगणारे प्रोग्राम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शंभरात एकही चूक धड होत नव्हती. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत एका प्रोग्रामच्या चुका शंभरात जवळपास ३५ होत्या. शिकवताना ज्यांचे चेहरे कमी दाखवले, त्यांनाच मशीन ओळखेना.

हे लांबचं वाटत असेल, तर शेजारच्या तेलंगणात या. तिथे सरकारने ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा आणली. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून कोण गरीब आणि कोण नाही, हे ती ठरवू लागली. नावं सारखी असली की एकाची गाडी दुसऱ्याच्या नावावर दिसायची. ज्या घरात सायकलची पंचाईत, ते घर मोटारवालं ठरायचं आणि रेशनकार्ड रद्द व्हायचं. कित्येकांना आधी नोटीसही नाही. आता सांगा, आपल्याकडे गाडी नाही याचा पुरावा कुठून आणायचा? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं. तेव्हा हजारो कुटुंबं पात्र निघाली. माणसाने दारात जाऊन बघितलं, म्हणून चूक सापडली.

मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. खात्यावर थेट पैसे येतात, खेपा वाचतात, हे आपण अनुभवतोच. पण मशीनचा शब्द शेवटचा नाही. म्हणून चार गोष्टी करा.

१. कारण लेखी मागा. ‘कॉम्प्युटर घेत नाही’ हे कारण नव्हे. रेशनच्या तक्रारीसाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. अर्ज द्या आणि पोच घ्या.

२. आपल्या नोंदी तपासा. आधार, पासबुक, रेशनकार्ड या तिन्हींवर नाव सारखंच आहे ना? माहेरचं एकीकडे, सासरचं दुसरीकडे असेल तर दुरुस्त करून घ्या.

३. कर्जाची कुंडली बघा. सिबिलसारख्या कंपन्यांनी वर्षातून एकदा आपला पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. न घेतलेलं किंवा फेडलेलं कर्ज त्यात बाकी दिसलं, तर तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि मोबाईलवरचं कर्जाचं अ‍ॅप फोनमधले नंबर किंवा फोटो मागत असेल, तर ते नियमाविरुद्ध आहे. परवानगी देऊ नका.

४. एकटीने सोसू नका. एकटी गेली की तिला ऐकवतात, “तुझंच काहीतरी चुकलं असेल.” पण एकाच गावातल्या दहा जणींना तोच नकार आला असेल, तर चूक बायकांची नाही, यंत्रणेची आहे. हे दहा अर्ज शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसंघाच्या सभेत हा विषय घ्या. कुणाचं रेशन, कुणाची पेन्शन, कुणाचं कर्ज अडलंय, आणि काय कारण सांगितलं, याची यादी करा. इतिवृत्तात लिहा, ठराव घ्या आणि प्रभागसंघाकडे पाठवा. सीआरपी ताई मदतीला आहेत, मीही आहे.

वही नीट कशी ठेवायची, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. आता सरकारच्या आणि बँकेच्या वहीत आपल्याबद्दल काय लिहिलंय, तेही वाचायला मागू या.